छताचं निमित्त

माझ्या गाडीचं छत खाली आलं याचा माझ्या मुलाला आनंद झाला. तो हे कबूल करणार नाही. पण मी त्याला जन्मापासून ओळखते. पार्किंगमध्ये उभा राहून, दारातून मान आत घालून तो म्हणाला, "आई, हे तर पूर्णच लोंबतंय गं," तेव्हा त्याच्या आवाजात काळजी होती तशी सुटकाही होती. परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न आल्यावर लहानपणी त्याचा जसा चेहरा व्हायचा, अगदी तसा झाला होता.

छत म्हणजे वरचा पत्रा नव्हे. पत्रा शाबूत होता, इंजिन शाबूत होतं, ब्रेक तर माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले होते. खाली आलं होतं ते आतलं कापड. गाडीत आपल्या डोक्यावर एक जाड पुठ्ठा असतो, त्याला पातळ फोम आणि फोमला करड्या रंगाचं मऊ कापड चिकटवलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्या फोमचा भुगा होतो आणि कापड सुटतं. यात गाडीचा दोष नाही आणि माझा तर मुळीच नाही. आमच्या इमारतीत सावलीतल्या जागा दोन-दोन गाड्या असणाऱ्यांनी आधी पटकावल्या आणि माझ्यासारख्या एकट्या बाईच्या वाट्याला उघड्यावरची जागा आली, हे मी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बोलले आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा प्यायला.

सुरुवात मागच्या काचेजवळच्या एका फुग्याने झाली. मग तो पुढे सरकत गेला. मी साडीच्या पिना लावल्या. चार दिवस त्या राहिल्या, पाचव्या दिवशी एक पीन ब्लाऊजच्या गळ्यात पडली, मी ओरडले आणि सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला वाटलं मी त्यालाच काहीतरी म्हणतेय. फोमचा तपकिरी भुगा केसांत पडायचा. माझ्या एका मैत्रिणीने कौतुकाने विचारलं, मेंदी लावलीस का गं. वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेला एक आयटीतला मुलगा राहतो, तो म्हणाला, "काकू, चिल, याचा एक हॅक आहे." त्याने कुठूनसा गोंदाचा स्प्रे आणला आणि एका सकाळी मोठ्या हौसेने सगळ्या कापडाला मागून मारला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात कापड जास्तच खाली आलं, वर पिवळे डाग घेऊन. भुग्याला गोंद लावला तर गोंदाला भुगाच चिकटणार. त्याला मी काही बोलले नाही, कारण त्याने निदान हात तरी लावला होता. बाकीचे नुसते जीभ लावत होते.

आता जरा माझ्याबद्दल सांगते, नाहीतर एवढा संताप कशासाठी ते कळायचं नाही. मी मूळची बेळगावची. लग्न होऊन बेंगळुरूला आले, इथे बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले. हेब्बाळला राहते. मुलगा आणि सून व्हाइटफील्डला असतात. एकाच गावात आहोत म्हणायचं, पण रहदारी अशी की बेळगावला जाऊन येणं सोपं वाटावं. माझे यजमान गेल्याला काही वर्षं झाली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचंही नव्हतं. ते डाव्या बाजूला बसून पेपर वाचायचे आणि गाडी मी चालवायची. तरी जिथे जाऊ तिथे माणसं त्यांनाच विचारायची, सर, मायलेज किती देते? ते शांतपणे माझ्याकडे बोट दाखवायचे. हे मी त्यांच्या गुणांमध्ये धरते.

तेव्हा ही गाडी कुणाची आठवण वगैरे नाही. ती माझी आहे. माझ्या मनात आलं की मी चपला घालते आणि निघते, एवढंच तिचं महत्त्व आहे. बाहेर पडायचं तर ॲपवर कॅब बोलवायची, मग ड्रायव्हर फोन करून विचारणार, "मॅडम, एल्लिगे?" कुठे जायचं ते सांगितलं की त्याला ते ठिकाण पसंत पडणार नाही आणि तो रद्द करणार. मी आयुष्यभर कुणाला विचारून घराबाहेर पडले नाही, ते आता एका अनोळखी माणसाच्या पसंतीवर पडू?

मुलाचं म्हणणं मात्र वेगळं होतं. गाडी जुनी झाली, काढून टाकावी. नवी घेऊन देतो असं त्याच्या तोंडून चुकूनही निघत नव्हतं. म्हणजे ही गेली की माझं चालवणंही गेलं, हे उघड होतं, पण तेवढंच सोडून तो बाकी सगळं बोलत होता. प्रदूषणाबद्दल बोलत होता, सुट्या भागांबद्दल बोलत होता. व्हाइटफील्डच्या सोळाव्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं, "जाऊ दे ना आई, या वयात गाडीबिडी कशाला?"

गाडीबिडी. मराठीत कशालाही 'बि' लावला की त्या गोष्टीची निम्मी किंमत तिथेच जाते. लग्नबिग्न, नोकरीबिकरी, पुस्तकंबिस्तकं. ज्याला दुसऱ्याची गोष्ट फालतू आहे असं म्हणायचं असतं पण तसं म्हणायचं धाडस नसतं, तो 'बि' लावतो. मला ते वाक्य पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत होतं.

त्या दिवशी छत बघून झाल्यावर तो घरात आला, माझ्या हातचं पिठलं-भात जेवला आणि हात पुसत म्हणाला की जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस येत्या शनिवारी येईल, नुसतं बघून जाईल. आईला न विचारता माणूस ठरवून मोकळा. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणे, असं लोंबतं छत घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे, आरशात मागचं काही दिसत नाही. हे खरं होतं. कापड पुढेपर्यंत आलं होतं आणि मधल्या आरशात रस्त्याऐवजी तेच दिसायचं. मी म्हटलं, छत नीट करून घेतलं तर?

"नीट झालं तर प्रश्नच नाही," तो म्हणाला.

हे तो एवढ्या सहज म्हणाला कारण ते नीट होणार नाही याची त्याला खात्री होती. मी ते वाक्य गाठीशी बांधून ठेवलं. शनिवारपर्यंत छत नीट झालं तर गाडी राहणार, आणि मी चालवणार.

सोमवारी मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे आता हातात टॅब घेतलेली मुलं असतात. त्यातल्या एकाने दार उघडलं, वर पाहिलं आणि तोंडाने च्च केलं. मग टॅबवर बोटं फिरवून हिंदीत म्हणाला की हा पार्ट डिसकंटिन्यू झाला आहे, अख्खं छत मागवावं लागेल आणि ते मिळणार नाही. मी म्हटलं, मला अख्खं छत नको, कापड बदलून द्या. तो म्हणाला, आम्ही कापड बदलत नाही, आम्ही असेंब्ली बदलतो. मग कुणी बदलतं का? ते त्याला माहीत नव्हतं. पण नव्या गाडीची एक्स्चेंज ऑफर मात्र त्याला तोंडपाठ होती. आणि सगळं सांगून झाल्यावर त्याने मला विचारलं, "मॅडम, घर में कोई है क्या, जिनसे बात कर सकूँ?"

मी त्याच्यापुढे उभी होते. माझ्या हातात चावी होती, गाडीचे कागद माझ्या नावाचे होते, प्रश्न मी विचारला होता. आणि त्याला घरातलं कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, घरात एक बाई आहे, पण ती सध्या इथे आली आहे. त्याला ते कळलं नाही. मी गाडी काढली आणि बाहेर येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

बुधवारी मी जेसी रोडला गेले. तिथल्या आतल्या गल्ल्यांमध्ये कुशनवाल्यांची दुकानं आहेत. ते सीट शिवतात, कव्हरं घालतात आणि छताचं कापडही बदलतात, हे मला आमच्या इमारतीतल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. पहिल्या दुकानात पार्किंगला जागा नव्हती, दुसऱ्या दुकानात माणूस नव्हता. तिसऱ्या दुकानाचा मालक पन्नाशीचा, खांद्यात फोन दाबून बोलणारा, मोठ्या आवाजाचा गृहस्थ होता. त्याने गाडीत डोकावलं आणि पहिला प्रश्न केला, तोही डाव्या रिकाम्या सीटकडे बघत, "सार बर्लिल्वा?" म्हणजे साहेब आले नाहीत का. मी त्याला कन्नडमध्येच सांगितलं की साहेब वारले, आणि असते तरी त्यांना यातलं काही कळलं नसतं. तो जरा वरमला. पण वरमलेला माणूस लगेच दुप्पट बोलायला लागतो.

त्याने काळं कापड काढलं. आता सगळे काळंच घालतात, फॅशन आहे, मळ दिसत नाही. मी म्हटलं, काळं छत डोक्यावर घेऊन मी बसणार नाही, आणि मळ दिसायलाच हवा, दिसला तर पुसता येतो. मग त्याने चॉकलेटी काढलं. मग ठिपक्यांचं. होतं तसलं फिकट करडं सगळ्यात शेवटी, खालच्या गठ्ठ्यातून निघालं, जणू काही मी त्याच्या घरची ठेव मागत होते. मी बजावलं की जुना फोम पूर्ण खरवडून काढायचा, भुग्यावर चिकटवायचं सोल्यूशन लावायचं नाही. तो म्हणाला, सरी अम्मा, सरी, हे मला सांगायला नको. मी म्हटलं, आतापर्यंत सगळ्यांना सगळं सांगावं लागलंय, म्हणून सांगतेय.

मग त्याने पेन्सिल कानावर अडकवली, चावीसाठी हात पुढे केला आणि म्हणाला, "गाडी बिडी, अम्मा."

माझं डोकंच फिरलं. तीन दिवसांचा राग त्या एका शब्दावर येऊन आदळला. मी त्याला सरळ मराठीत झापलं. गाडीबिडी? तुमच्या दुकानात येते ती प्रत्येक गाडी गाडीबिडी असते काय? ही गाडी आहे, मी ती चालवते, आणि तुम्हाला काम नको असेल तर तसं सांगा. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. त्या गृहस्थाचा हात तसाच पुढे राहिला होता. तो गांगरून, पुन्हा एकदा, अगदी हळू, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, "बिडी अम्मा. इल्ले बिडी. नाडिद्दु बन्नी."

इथेच सोडा. परवा या.

बिडी म्हणजे सोडा. कन्नडमध्ये. हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? मी बेळगावची, कन्नड ऐकतच वाढले. पण आमच्याकडे कुणी मोठ्या माणसाला 'बिडी' म्हणत नाही, 'बिडरी' म्हणतात. तो 'री' लागला की कानाला कळतं की कन्नड चालू आहे आणि आदराने चालू आहे. बेंगळुरूत 'री' गळतो. इतकी वर्षं इथे राहूनही माझा कान अजून त्या 'री'ची वाट बघतो, आणि तो आला नाही म्हणून बिचाऱ्याचं साधं कन्नड मला मराठीतली शिवी वाटलं. मी चावी दिली. चूक झाली म्हणाले. तो म्हणाला, पर्वागिल्ला, हरकत नाही, आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत डोकं घातलं.

परत जाताना बसमध्ये बसले होते तेव्हा मला हसू यायला हवं होतं. आलंही होतं. घरी गेल्यावर मुलाला फोन करून सांगावं म्हणजे तो पोट धरून हसेल, असं मनात आलं. आणि मग हसू तिथेच थांबलं.

कारण माझा मुलगा बेंगळुरूत वाढलेला आहे. रस्त्यावर, शाळेत, क्रिकेटच्या मैदानावर त्याने 'बिडी' हाच शब्द ऐकला आहे, 'बिडरी' नव्हे. घरात मराठी बोलला तरी त्याच्या मराठीच्या पोटात कन्नड आहे. लहानपणी तो "पुरे" म्हणायच्या जागी "साकु" म्हणायचा. मग तो मला दर फोनला 'गाडीबिडी' म्हणत होता तेव्हा त्याच्या कानाला काय ऐकू येत होतं? मराठीत तो म्हणत होता, गाडीबिडी कशाला. तेच दोन शब्द कन्नडमध्ये वेगळे काढले तर, गाडी सोडा. आणि नेमकं तेच त्याला म्हणायचं होतं. त्याने हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही, तेवढा तो हुशार नाही. पण आईला 'सोड' म्हणायची छाती नाही म्हणून गाडीला पुढे करायचं, छताला पुढे करायचं, हे तर तो ठरवूनच करत होता. लेकी बोले सुने लागे. इथे लेक माझी गाडी होती आणि सून मी.

आधी मला फक्त राग होता. आता वाईटही वाटायला लागलं, आणि मला वाईट वाटलं की मी जास्तच चिडते. मी त्याला फोन केला नाही.

शुक्रवारी दुपारी गाडी आणायला गेले. काम चांगलं झालं होतं, पण दिव्याच्या शेजारी बोटभर लांबीची एक सुरकुती राहिली होती. मालक म्हणाला, "स्वल्प इरुत्ते अम्मा," थोडं राहायचंच, उन्हात बसेल. या गावात सगळं त्या स्वल्पावर चालतं. स्वल्प उशीर, स्वल्प खड्डा, स्वल्प जास्त. मी म्हटलं, उद्या माझ्या घरी एक माणूस छत बघायला येणार आहे, त्याला एवढंसं स्वल्प दिसलं तरी माझी गाडी जाईल. त्याला ते प्रकरण पुरतं कळलं नसावं, पण माझा चेहरा कळला. कुरकुरत त्याने दिवा काढला, कापड सैल केलं आणि पुन्हा ताणून बसवलं. मी तिथेच स्टुलावर बसून पाहिलं.

परतीच्या वाटेवर मी सगळ्या काचा खाली केल्या होत्या, सोल्यूशनचा वास डोक्यात जात होता म्हणून. मेखरी सर्कलला गर्दीत अडकले तेव्हा आरशात पाहिलं. मागची बस दिसत होती, बसचा नंबर दिसत होता, ड्रायव्हरची वैतागलेली मुद्रासुद्धा दिसत होती. डोक्यावर स्वच्छ, सपाट करडं कापड. मला एवढा आनंद झाला की मी गर्दीत उगाचच हॉर्न वाजवला, जो मी एरवी वाजवत नाही.

शनिवारी मुलगा लवकर आला. सून आली नाही, तिला काम होतं म्हणे. मला वाटतं तिला शहाणपण होतं. कंपनीचा माणूस त्याच्या मागोमाग आला. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं, ते त्याने गाडीला जागोजागी लावलं, फोटो काढले, आत बसला, वर पाहिलं आणि खूश झाला. माझ्या मुलाला म्हणाला, "सर, इंटीरियर तो एकदम मस्त रखा है. अच्छे में जाएगी."

मी गाडी राहावी म्हणून छत करून घेतलं आणि त्याच छतामुळे ती चांगली विकली जाणार होती. वर हे सगळं तो सांगत होता कुणाला, तर सरांना. आणि सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा ती सुटका आली होती, पार्किंगमधल्या त्या दिवशीचीच. मी त्या माणसाच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, गाडी माझी आहे, माझ्याकडे बघून बोला. आणि गाडी जाणार नाही. तो तरीही मुलाकडेच बघत राहिला. शेवटी मुलानेच त्याला नंतर फोन करतो असं सांगून वाटेला लावलं. नंतर फोन करतो! मी तिथे असताना.

आम्ही दोघंच राहिलो. तो गाडीभोवती फिरला. मग म्हणाला, टायर झिजलेत. मी म्हटलं, बदलते. मग म्हणाला, जुन्या गाड्यांमध्ये एअरबॅग पुरेशा नसतात. मी म्हटलं, ही घेतली तेव्हाही नव्हत्या आणि तू मागच्या सीटवर झोपून शाळेत जायचास. मग त्याने एसीकडे मोर्चा वळवला. तेव्हा मी दार उघडलं आणि म्हटलं, बस आत. तो डावीकडे बसला, त्याच्या वडिलांच्या जागी. मी माझ्या जागी बसले आणि काचा वर केल्या.

"वर बघ," मी म्हटलं. "काही लोंबतंय?"

त्याने खरोखर वर पाहिलं. "नाही."

"नीट झालं तर प्रश्नच नाही असं तू म्हणाला होतास. झालं नीट. आता जे बोलायचंय ते बोल."

त्याने समोर पाहिलं. समोर नुसती भिंत होती, पाण्याच्या मोटरचा डबा होता. मग तो म्हणाला, "आई, तू आता गाडी चालवू नयेस असं मला वाटतं." अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं नीट वाक्य मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

मग त्याने मागच्या महिन्यातली गोष्ट काढली. तो माझ्या शेजारी बसला होता, आम्ही सर्व्हिस रोडने येत होतो आणि स्कूटरवरची एक मुलगी मध्ये आली. तो ओरडला आणि मी ब्रेक दाबला. कुणाला काही झालं नाही. मी लगेच म्हटलं, छतामुळे आरसा झाकला गेला होता, मला दिसलं नाही.

"आरसा मागचं दाखवतो, आई. ती पुढून आली होती. डावीकडून."

मी खूप बोलले. ती उलट्या दिशेने येत होती, हेल्मेट नव्हतं, कानात वायरी होत्या, या गावात कुणाला शिस्त म्हणून नाही, त्याच्या वयाची माणसं फोन बघत गाडी चालवतात आणि त्यांना कुणी छत बघायला माणूस पाठवत नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काहीच खोडलं नाही. त्याने भांडायला हवं होतं. मी आठवडाभर भांडायच्या तयारीत होते आणि तो नुसता बसून होता. आणि मला एवढं समजलं की त्या छताचा आडोसा फक्त त्यानेच घेतला नव्हता.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "फोन वाजला की वाटते."

ही भीती त्याला कधीपासून वाटत होती कोण जाणे. आणि इतके दिवस मला ऐकवली होती ती टायरची आणि कापडाची गोष्ट. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक धपाटाही घालावासा वाटला. दोन्ही केलं नाही, सीटबेल्ट लावलेला होता.

मी म्हटलं, "ज्या दिवशी मला झेपत नाही असं वाटेल, त्या दिवशी चावी मी स्वतः आणून तुझ्या हातात देईन. पण तू मागायची नाहीस."

"आणि तुला कळलंच नाही तर?"

बँकेत इतकी वर्षं काउंटरवर बसले, कुणाच्या प्रश्नाला उत्तर नाही असं कधी झालं नाही. आज माझ्या डोक्यावर नवंकोरं कापड होतं, आरसे लख्ख होते, आणि माझ्याच पोटच्या पोराने मला निरुत्तर केलं होतं.

"मग तू सांग," मी शेवटी म्हटलं. "पण आत्ता सांगितलंस तसं सांग. दुसऱ्या कशाचं नाव घेऊन नको. माणसं पाठवून नको."

त्याने लगेच हो म्हटलं नाही. विचार केला. त्याचे वडीलही असेच, कबूल करण्याआधी थांबायचे आणि कबूल केलं की मागे हटायचे नाहीत.

"सांगेन," तो म्हणाला.

हे ऐकून मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. सरळ बोल, सरळ बोल, असं मी त्याच्या मागे लागले होते आणि आज तो सरळ बोलला होता. मी गाडी सुरू केली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. तोही माझ्याबरोबर डावीकडे बघत होता. तो खरंच सांगणार होता. आणि तो सांगेल त्या दिवशी मला ऐकावं लागणार होतं.